डबल एन्ट्री आणि सिंगल सीट

आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना पहिल्या वर्षी एकच गोष्ट शिकवतात आणि पुढचा जन्मभर तीच पुरते. ती म्हणजे, जितके नावे तितके जमा. कुठलीही नोंद एकटी राहत नाही, समोरच्या बाजूला तिची जोडीदारीण बसलेलीच असते. लुका पाचोली नावाच्या एका इटालियन साधूने १४९४ साली ही पद्धत पुस्तकात छापली. स्वतः ब्रह्मचारी राहून जगातल्या प्रत्येक नोंदीचं लग्न लावून देणारा हा थोर पुरुष! त्याच्या आशीर्वादाने बँकेत माझी बावीस वर्षे बिनबोभाट गेली. मग आमच्या येझदीची सीट उंदरांनी खाल्ली.

ही येझदी वडिलांची. रोडकिंग, १९८३ सालची, अडीचशे सीसीची. तिला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. म्हणजे आवाज काढणारा एक आणि त्याला गप्प बसवणारे दोघे. आमच्या घरात वडील, आई आणि आजी यांचं प्रमाणही नेमकं हेच होतं, त्यामुळे गाडी पहिल्या दिवसापासून घरात रुळली. गिअरचाच दांडा आत दाबून उभा केला की त्याची किक व्हायची. काटकसरी माणसाला याहून चांगली गाडी कोण देणार? वडील गेल्यावर ती पार्किंगमध्ये झाकण घालून ठेवली होती. परवाच्या मे महिन्यात झाकण उचललं, तर सीटच्या जागी पत्रा, स्प्रिंगा आणि एक सुखी उंदीर कुटुंब. इतक्या मऊ जागेत आमची पिढीसुद्धा वाढली नाही.

"नाना पेठेतून नवी सीट आणू," मी म्हणालो.

"नको बाबा," चिरंजीव म्हणाले. "आपण घरी करू. कॅफे रेसर!"

कॅफे म्हटल्यावर मला इराणी आठवला. ब्रून मस्का, पानी कम चाय, आणि बिल देताना गल्ल्यावरच्या शेटची नजर. तिथे शर्यत लागलीच तर ती पंख्याखालच्या टेबलासाठी. शिवाय येझदीच मुळात इराण्यांची. म्हैसूरला रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी १९६१ पासून आयडियल जावा कंपनीत चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवायला घेतली आणि १९७३ पासून तीच गाडी येझदी नावाने विकली. म्हटलं, इराण्याच्या गाडीला इराण्याच्या हॉटेलासारखं काही करायचं असेल. पण चिरंजीवांनी फोनवर चित्र दाखवलं. हँडल खाली वाकलेलं, टाकी लांबट, आणि सीट? एका माणसापुरती. त्याच्या मागे, जिथे दुसऱ्या माणसाने बसायचं, तिथे एक गोल, गुळगुळीत, चकचकीत कुबड.

"आणि मी?" मागून आवाज आला. ही चहा घेऊन आली होती.

मी द्विनोंदी पद्धतीचा माणूस, पण त्या क्षणी समोरच्या बाजूची नोंद मला सुचली नाही. अशा वेळी शिकलेली माणसं करतात तेच मी केलं. इतिहास वाचायला घेतला.

तर हा इतिहास लंडनचा. तिथल्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली 'ऐस कॅफे' नावाचं लॉरीवाल्यांचं हॉटेल निघालं. आपल्या हमरस्त्यावरच्या ढाब्याचा गोरा मावसभाऊ. महायुद्धात त्याच्यावर बॉम्ब पडला, १९४९ साली ते पुन्हा बांधलं गेलं. इंग्रज लोक अशा हॉटेलाला 'कॅफे' न म्हणता शेवटचा ए गिळून नुसतं 'कॅफ' म्हणतात. खाण्याच्या जागेचं नावसुद्धा निम्मं खाऊन टाकणारी ही जात! हे हॉटेल रात्रभर उघडं असायचं. त्यामुळे ज्यांना घरी जायचं नव्हतं अशी सगळी तरुण पोरं मोटरसायकली घेऊन तिथे जमू लागली.

या पोरांकडे मोटरसायकली आल्या कुठून? इथे इतिहासकार शौर्य, बंडखोरी, रॉक अँड रोल वगैरे सांगतात. आम्ही बँकवाले वेगळं सांगतो. १९५८ साली तिथल्या सरकारने हप्त्याने माल घेण्यावरची बंधने उठवली. झालं! कारखान्यात काम करणारा विशीतला पोरगा पहिला हप्ता भरून फटफटी घेऊन बाहेर पडू लागला. पुढच्याच वर्षी एम-वन हा मोठा हमरस्ता उघडला, आणि त्यावर वेगाची मर्यादाच नव्हती. जगातल्या बहुतेक बंडांच्या मागे हप्ता असतो. तो थकला की बंड संपतं आणि आमच्याकडे पत्रव्यवहार सुरू होतो.

या पोरांचं स्वप्न एकच: ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. त्याला ते 'टन' म्हणत. आपल्याकडे टन हे वजनाचं माप. त्यांच्याकडे टन मिळवायचा तर वजन उतरवावं लागे. मडगार्ड छाटा, हँडल खाली घ्या, पाय ठेवायच्या दांड्या मागे न्या, म्हणजे माणूस टाकीवर आडवा होतो आणि वारा कमी अडतो. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून गाडीवर उडी मारायची आणि गाणं संपायच्या आत ठरलेल्या वळणाला वळसा घालून परत यायचं, अशी एक आख्यायिका आहे. कितीजणांनी खरोखर हे केलं याचा हिशेब लागत नाही, पण आख्यायिकेचं ऑडिट करू नये. आणि 'कॅफे रेसर' ही पदवी म्हणे मूळची शिवी. हे खरे रेसर नव्हेत, एका चहाच्या टपरीपासून दुसऱ्या टपरीपर्यंतचे रेसर, असं लॉरीवाले हिणवायचे. पोरांनी ती शिवी बिल्ल्यासारखी छातीवर लावली.

त्या सगळ्यात पहिला बळी गेला तो मागच्या सीटचा. कारखान्यातून गाडी यायची ती दोघांच्या लांब सीटची, आपल्या भाषेत डबलसीट. पोरांनी ती काढून शर्यतीच्या गाडीची एकट्याची सीट बसवली. तिच्या मागचं कुबड शोभेसाठी नव्हतं. गाडीने एकदम वेग घेतला की बसणारा मागे घसरतो, त्याला अडवायला ते असतं. म्हणजे मागचं माणूस पुढच्याला धरून बसायचं ते गेलं, आणि पुढच्यालाच मागून धरून ठेवणारी उशी आली.

त्यातली सगळ्यात नावाजलेली गाडी 'ट्रायटन'. ही कुठल्याही कंपनीने काढली नाही, ती घरोघर जन्मली. नॉर्टन कंपनीची 'फेदरबेड' नावाची चौकट होती. बेलफास्टच्या मॅकँडलेस बंधूंची कल्पना. हॅरोल्ड डॅनियल नावाच्या शर्यतपटूने ती चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाला, म्हणून हे नाव. १९५० साली जेफ ड्यूकने आइल ऑफ मॅनची मोठी शर्यत त्याच चौकटीवर जिंकली. आता गंमत पाहा. छोट्या रेसिंग मोटारी बनवणाऱ्यांना नॉर्टनचं नुसतं इंजिन हवं असायचं, पण कंपनी सुटं इंजिन देईना. मग ते अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढून मोटारीत घालत आणि चौकट तशीच उरे. पोरांनी त्या उरलेल्या चौकटीत ट्रायम्फचं जुळं इंजिन बसवलं. ट्रायम्फ अधिक नॉर्टन, ट्रायटन. दिग्विजयी वगैरे म्हणतात ती ही गाडी म्हणजे रात्रीच्या उरलेल्या पोळीची सकाळी केलेली फोडणीची पोळी! हे वाचल्यावर माझ्या मध्यमवर्गीय मनाला धीर आला. हे काम आपल्यालाही जमेल.

ताबडतोब माळ्यावरून उरलेलं सामान काढलं. आमच्याकडे थर्मोकोलचं एक जुनं मखर होतं, २०१८ च्या बंदीच्या आधीचं. टाकायचं कुठे हे न कळल्यामुळे जपून ठेवलेलं. त्याचे ठोकळे चिकटवून कांदा चिरायच्या सुरीने मी सीटचा आकार कोरला. कुबड इतकं सुबक आलं की आईने लांबून पाहून "यंदा उंदीर मोठा केलास का रे?" असं विचारलं. आमच्या घरात त्या वर्षी उंदीर हा विषय निघाला की मी गप्प बसत असे.

आता त्यावर फायबरग्लासचं कवच चढवायचं. बोहरी आळीतून काचेच्या तंतूंची चटई, पॉलिस्टर रेझिनचा डबा आणि हार्डनरची बाटली आणली. चटईवर ब्रशने रेझिन थापायचं, ते वाळून दगडासारखं होतं, असं काम. मी थापलं. दहा मिनिटांनी बघतो तर माझं कुबड खचत चाललेलं. पॉलिस्टर रेझिन थर्मोकोलला विरघळवतं, ही माहिती मला बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कोणी दिली नव्हती. बाप्पांचं मखर डोळ्यांदेखत ताकात भाकरी कुस्करावी तसं बसलं. अर्ध्या तासाने परातीत जे उरलं ते सीट नव्हतं आणि परातही नव्हती.

दुसऱ्या वेळी आधी सगळा ठोकळा खाकी चिकटपट्टीने गुंडाळला, वर मेण चोळलं, म्हणजे रेझिन आत शिरत नाही आणि कवच नंतर सुटून येतं. या वेळी घोटाळा हार्डनरचा. तो रेझिनच्या साधारण एक ते दोन टक्के घालायचा. टक्केवारी हा माझा प्रांत! मी रुबाबात हिशेब केला आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं. पंधरा टक्के हार्डनर पोटात गेल्यावर डबा आधी कोमट, मग गरम झाला, मग त्यातून धूर निघाला. ही म्हणाली, "बँकेतही असंच व्याज लावता का?" मी डबा गच्चीच्या कोपऱ्यात ठेवून लांबून त्याच्या शांत होण्याची वाट पाहिली.

तिसऱ्या वेळी जमलं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, नाकाला फडकं, आणि एकावर एक असे चटईचे तीन थर. दुसऱ्या दिवशी कवच सुटून आलं. त्याच्या कडा करवतीने कापल्या आणि काचेची ती बारीक कुसळं अंगभर बसली. खाजकुइलीचं झाड जवळून पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको. सोमवारी काउंटरवर मी खाजवत होतो, मग समोरचा खातेदार खाजवू लागला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत शाखेत साथ पसरली.

फायबरग्लास त्या काळच्या इंग्लंडमध्ये नवलाईची वस्तू होती. रॉयल एनफिल्डने १९६५ साली पोरांची ही आवड हेरून 'कॉन्टिनेंटल जीटी' ही अडीचशे सीसीची गाडी तयारच कॅफे रेसरच्या थाटात काढली. खाली वाकलेलं हँडल, पाच गिअर आणि फायबरग्लासची लालभडक टाकी. जे घरी काटकसरीत होत होतं ते दुकानात मिळू लागलं. आपल्या पापडांचं जे झालं तेच! पुढे इंग्लंडची ती कंपनी १९७० च्या सुमारास बंद पडली, पण १९५५ पासून मद्रासला तिची बुलेट तयार होत होती, ती होतच राहिली. आणि २०१३ साली मद्रासच्याच एनफिल्डने कॉन्टिनेंटल जीटी हे नाव नव्या गाडीला देऊन ती लंडनमध्ये लोकांपुढे आणली. सासरी गेलेल्या मुलीने माहेरचं बंद घर उघडावं, तसं.

मग आलं घासकाम. लांबी भरायची, वाळली की घासायची, खड्डा दिसला की पुन्हा भरायची. आधी ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस, दोनशेवीस, शेवटी पाण्यात बुडवून चारशे. आमच्या मजल्यावर आरटीओतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क राहतात. ते रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन बघायला बसत. एके दिवशी म्हणाले, "१९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम. नियम १२३. मागच्या माणसाला धरायला कडी पाहिजे, पाय ठेवायला जागा पाहिजे आणि निम्मं मागचं चाक झाकलं पाहिजे. शिवाय मूळ गाडीत असे फेरफार करायला कायद्याची परवानगी नाही. नियमाने तुमची गाडी दोघांची आहे."

निम्मं चाक झाकायचं म्हणजे आपला साडीगार्ड. पदर किंवा साडीचा काठ चाकात जाऊ नये म्हणून. मी घासता घासता थांबलो. तिकडे इंग्लंडात मागचं माणूस काढून टाकण्यासाठी लोक रात्ररात्र जागत होते, आणि इकडे मागचं माणूस बसणारच, तेही आडवं, साडी नेसून, मांडीवर मूल घेऊन बसणार, हे धरून सरकारने नियम केला होता. वाहतुकीच्या नियमांत मी प्रथमच माणूस पाहिला.

रंगाच्या वेळी ऑगस्ट उजाडला होता. पावसाळी हवेत स्प्रेचा रंग मारू नये. हवेतली वाफ रंगात अडकते आणि वर दुधासारखी साय धरते. हे मला मारल्यानंतर कळलं. मरून रंगाची सीट पहाटे पांढुरकी, कोड फुटल्यासारखी. पुन्हा घासली. मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. ऑक्टोबरचं कडक ऊन पडल्यावर गच्चीवर दोरीला टांगून, वीतभर अंतरावरून, हात न थांबवता पातळ थर मारले. हात एका जागी थांबला की ओघळ येतो. दोन थरांत पंधरा मिनिटं, वर लॅकर. या पंधरा-पंधरा मिनिटांत मी बाकीचा इतिहास वाचून संपवला.

तो असा. या चामडी जाकीटवाल्या 'रॉकर' पोरांचे वैरी म्हणजे 'मॉड'. १९६४ साली ईस्टरला क्लॅक्टनच्या आणि पुढे ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर दोघांच्या मारामाऱ्या गाजल्या. हे दहशत घालणारे मॉड बसायचे कशावर? लँब्रेटा आणि व्हेस्पावर! ज्या स्कूटरवर आमचे काका पायाशी गॅसचा सिलिंडर, पुढे मुलगा आणि मागे काकू घेऊन तिरक्या मानेने जायचे, तिच्यामुळे इंग्लंड हादरलं होतं. याच पोरांसाठी फादर बिल शेरगोल्ड नावाच्या पाद्र्याने लंडनच्या 'फिफ्टी-नाइन क्लब'मध्ये जागा करून दिली आणि चर्चमध्ये मोटरसायकलींना आशीर्वाद दिला. आपण दसऱ्याला झेंडूचा हार घालतो, त्यांनी पवित्र मंत्र घातला.

मग डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा आली. मिनी मोटार १९५९ पासून निघालीच होती. पोरांची लग्नं झाली, पोरांना पोरं झाली, आणि एकट्याच्या सीटवर संसार मावेना. १९६९ साली ऐस कॅफे बंद झालं. त्या जागी टायरचं दुकान आलं. २००१ साली ते पुन्हा उघडलं, तेव्हा तीच पोरं पांढऱ्या केसांनी आली असतील. त्यांच्या मागे कोण बसून आलं, हे कुठल्याही पुस्तकात नाही. इतिहासाची वही एकेरी नोंदीची असते. पुढे बसलेल्याचं नाव लिहितात, मागच्याची बाजू कोरी.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सीट बसवली. खरं सांगतो, सुंदर दिसत होती. मी एकटाच एक फेरी मारून आलो. कुबडाने मला मागून धरलं होतं. चाळीस ओलांडलेल्या माणसाला असं कोणी धरत नाही. परत आलो तर आई खाली उभी होती. तिने कुबडावरून हात फिरवला.

"घरी केलंय असं वाटत नाही हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "यांना एकट्याने गाडी चालवायला आवडायचं नाही. म्हणायचे, तू मागे असलीस की गाडी रस्ता धरून चालते. नाहीतर हलकी लागते, उडते."

वडील असं काही बोलले असतील यावर माझा विश्वास बसेना. त्यांचे आवाज मला फक्त सायलेन्सर लावलेले ऐकू आले होते.

"जुनी सीट कुठे आहे?" मी चिरंजीवांना विचारलं. ती मी भंगारात द्यायला जिन्याखाली ठेवली होती. तिथे ती नव्हती.

चिरंजीवांनी आजीकडे पाहिलं. आजीने दुसरीकडे. दिवाळीच्या आधीच तिने आपल्या पेन्शनमधून पैसे देऊन ती नातवाबरोबर सीटवाल्याकडे धाडली होती. नवा फोम, नवं काळं रेक्झीन, मागे धरायची कडी पॉलिश केलेली. घरातल्या घरात असा व्यवहार झाला आणि हेडक्लार्कसुद्धा त्यात सामील होते, कडी त्यांनीच नियमात बसवून घेतली होती.

येझदीची सीट बोल्टांवर असते. काढायला दहा मिनिटं, बसवायला दहा. पाडव्याला सकाळी मी माझं कुबड काढून कपाटावर ठेवलं. तिथे ते मरून रंगात फार शोभून दिसतं, आणि ही त्यावर धुणं ठेवते. जुनी सीट चढवली. आईच्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा अंबाडा सोडून वेणी घातली. ती आडवी बसली, एक हात कडीला, एक माझ्या खांद्यावर.

"तळ्यातल्या गणपतीला," ती म्हणाली. "आणि हळू."

आम्ही तीसच्या वर गेलो नाही. स्वारगेटच्या अलीकडे ती कानाशी ओरडली, "बस येतेय डावीकडून!" मला ती दिसलीच नव्हती. मी ब्रेक दाबला, आणि गाडी रस्ता धरून थांबली.